जुने यंत्र, नवी प्रणाली आणि आपल्या नोंदी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले व्याख्यान)



ह्या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाहातील अनाठायी खर्च, विद्यार्थी साहाय्यक निधी अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे होत आली आहेत. यंदा ते काम चिटणीसांनी आमच्यासारख्या निवृत्त माणसावर सोपविले, आणि विषयही असा दिला की तो ऐकून आपणांपैकी काहींच्या मुखावर स्मित उमटले असेल. मंडळाच्या कचेरीतील जुन्या नेटबुकावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम कशी बसविली, हा तो विषय होय. आम्ही काही संगणकाचे पंडित नाही. आमची हयात हिशेबाच्या वह्यांत गेली. तथापि ह्या कामात आमच्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली. ती चूक व तीतून आम्हांस मिळालेला धडा आपणांपुढे ठेवावा, एवढ्याचसाठी आम्ही उभे आहोत.

प्रथम हे नेटबुक म्हणजे काय, ते तरुण पिढीसाठी सांगितले पाहिजे. कारण त्यांनी ते पाहिलेलेही नसेल. २००७ साली तैवानच्या असूस कंपनीने ‘ई पीसी’ नावाचा एक लहानसा संगणक बाजारात आणला. त्याचा पडदा अवघा सात इंचांचा होता. पुढील वर्षी इंटेल कंपनीने अशाच लहान यंत्रांसाठी ‘ॲटम’ नावाचा, कमी वीज खाणारा प्रोसेसर काढला, आणि मग दहा इंची पडद्याच्या नेटबुकांची लाटच आली. किंमत बेताची, वजन एखाद्या जाड ग्रंथाइतके, आणि अंगी कर्तृत्व म्हणाल तर टंकलेखन, पत्रव्यवहार व थोडेफार इंटरनेट, एवढेच. २०१० साली आयपॅड निघाला, मोबाइल फोन शहाणे झाले, आणि २०१२-१३ च्या सुमारास बहुतेक कारखानदारांनी नेटबुके बनविणेच सोडून दिले. येणेप्रमाणे पाच-सहा वर्षांतच ह्या यंत्राचे बालपण, तारुण्य व वार्धक्य उरकले.

आपल्या मंडळाने असे एक नेटबुक २००९ साली देणगीदारांच्या साहाय्याने घेतले होते. ॲटम जातीचा १.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, एक जीबी स्मृती, जिला बाजारात रॅम म्हणतात, एकशेसाठ जीबीची फिरती चकती, आणि वर विंडोज एक्सपी ही कार्यप्रणाली. ते घेतले होते वधूवर सूचक विभागासाठी. परंतु त्याचा खरा उपयोग केला तो आपल्या अण्णांनी. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना अण्णांची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. २००९ ते २०१३ ह्या काळात ते यंत्र कापडी पिशवीत घालून अण्णा एसटीने गावोगाव हिंडले. कोणाच्या ओटीवर, कोणाच्या माजघरात बसून त्यांनी घराघरांची वंशावळ लिहून घेतली. मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, कोणत्या पिढीत कोण मुंबईस गेला, कोण बडोद्यास स्थायिक झाला, हे सारे त्यांनी त्या लहानशा कळफलकावर एका एका बोटाने टंकिले. २०१५ साली अण्णा निवर्तले. त्यांच्यामागे ते यंत्र कचेरीच्या कपाटात गेले व तेथेच राहिले.

ते कपाटात का गेले, ह्याचेही कारण आहे. विंडोज एक्सपी ही प्रणाली २००१ सालची. तिचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविला. सांभाळ थांबला म्हणजे यंत्र बंद पडत नाही. परंतु प्रणालीत नवे दोष सापडले तरी ते कोणी बुजवीत नाही. घराचे कुलूप जुने झाले आणि त्याची किल्ली चोरांच्या हाती गेली, तरी कुलूप बदलावयास कोणी येत नाही, असा हा प्रकार. हळूहळू इंटरनेटवरील नव्या ठिकाणांनाही ही जुनी प्रणाली ओळखेनाशी झाली. पत्रपेटी उघडेना, बँकेचे पान दिसेना. मग खजिनदारांनी नवा संगणक घेतला, आणि नेटबुक ‘बिघडले’ असे आपण समजून चाललो. वस्तुतः ते बिघडले नव्हते. त्याचा काळ बदलला होता.

आता आमची चूक. २०२५ सालच्या पावसाळ्यात कचेरीची साफसफाई निघाली. दोन जुने पंखे, एक मोडके टेबल आणि हे नेटबुक भंगारात द्यावे, असा ठराव कार्यकारी मंडळापुढे आला, आणि तो एका मिनिटात संमत झाला. तो ठराव मांडणारे दुसरे तिसरे कोणी नसून आम्हीच होतो. दोन दिवसांनी अण्णांच्या घरून वहिनींचा फोन आला. त्या म्हणाल्या, “भाऊजी, ते यंत्र भंगारात देणार म्हणे. देऊन टाका, माझी ना नाही. पण त्यात ह्यांनी लिहिलेली माणसं आहेत, तेवढी आधी काढून घ्या.”

आम्ही फोन खाली ठेवला आणि बराच वेळ तसेच बसून राहिलो. अण्णांच्या नोंदींची दुसरी नक्कल कोठे आहे, हा प्रश्न दहा वर्षांत आम्हांपैकी कोणी विचारलाच नव्हता. कागदावरील यादी शोधली, ती मिळाली नाही. खजिनदारांच्या नव्या संगणकात पाहिले, तेथे फक्त जमाखर्च होता. म्हणजे चार वर्षांचे ते सारे श्रम त्या एका यंत्रात होते, आणि आम्ही ते किलोच्या भावाने विकण्यास निघालो होतो.

लगेच दुरुस्तीच्या दुकानात जावे, असा पहिला विचार मनात आला. परंतु तेथेही पूर्वीचा एक अनुभव आठवला. २०१६ साली कचेरीतील मोठा संगणक एका दुकानात दिला असता, तो परत आला तेव्हा लख्ख नवा होऊन आला, आणि आतील दोन वर्षांचा शिष्यवृत्तीचा पत्रव्यवहार पार पुसला गेला होता. ‘फॉरमॅट’ केल्यावाचून दुरुस्ती होत नाही, असे सांगण्यात आले. त्या दुकानाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. अर्धा दोष आमचाच, कारण देताना आम्ही नक्कल काढून ठेवली नव्हती, व आत काय आहे हेही सांगितले नव्हते. ह्या वेळी आम्ही आमच्या पुतणीस बोलाविले. ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास आहे. यंत्र सुरू करताच आतून टिक-टिक असा आवाज येऊ लागला. तो ऐकून तिने तत्काळ यंत्र बंद केले व म्हणाली, “काका, ही चकती आता थोड्या दिवसांची सोबती आहे. आधी नक्कल, मग बाकी सगळं.”

बंधुभगिनींनो, ‘आधी नक्कल’ हे दोन शब्द आजच्या व्याख्यानाचे सार समजावे. कार्यप्रणाली बदलणे म्हणजे घराचा पाया बदलण्यासारखे आहे. ते करताना घरातील चीजवस्तू प्रथम बाहेर काढावी लागते. पुतणीने ती चकती यंत्रातून काढली, एका तारेने आपल्या संगणकास जोडली, आणि ‘डीडीरेस्क्यू’ नावाच्या प्रोग्रामने तिची संपूर्ण नक्कल उतरवून घेतली. ह्या प्रोग्रामची रीत आम्हांस फार शहाणपणाची वाटली. चकतीचा जो भाग सहज वाचता येतो तो तो आधी वाचून घेतो. जेथे अडते ती जागा टिपून ठेवून पुढे जातो, आणि सोपे सर्व हाती आल्यावर मग अवघड जागांकडे वळतो. आजारी माणसास उगाच दमवू नये, त्यातलाच हा प्रकार. रात्रभर काम चालले. सकाळी बहुतेक नोंदी हाती आल्या होत्या. एका गावाची यादी मात्र अर्धी तुटली. ती नक्कल आम्ही दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवली, आणि त्या दोन डिस्क दोन वेगवेगळ्या घरी ठेवल्या. हे झाल्यावरच पुढील कामास हात घातला.

आता प्रश्न असा की, नवी प्रणाली कोणती घ्यावी? आमची समजूत होती की, सर्वांत नवी ती सर्वांत चांगली. पण तसे नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये निघालेल्या विंडोज ११ ला निदान चार जीबी स्मृती लागते, सुरक्षेची विशिष्ट चिप लागते, आणि चौसष्ट-बिट प्रोसेसर लागतो. आपल्या नेटबुकाचा प्रोसेसर बत्तीस-बिट जातीचा. बत्तीस-बिट म्हणजे काय, तर यंत्र स्मृतीतील घरांना जे क्रमांक देते ते बत्तीस अंकस्थानांत बसवावे लागतात. चौसष्ट-बिट म्हणजे त्याच्या दुप्पट अंकस्थाने. चौसष्ट-बिटासाठी लिहिलेली प्रणाली बत्तीस-बिट यंत्रास वाचताच येत नाही. विंडोज १० ची बत्तीस-बिट आवृत्ती होती खरी. परंतु तिचा सर्वसाधारण सांभाळही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि एवढ्याशा स्मृतीत ती चालली असती ती रखडतच.

तेव्हा आम्ही वळलो लिनक्सकडे. लिनक्सची कथा मंडळासारख्या संस्थेने ऐकण्याजोगी आहे. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या संगणकासाठी प्रणालीचा गाभा लिहिला व तो सर्वांस खुला केला. १९९३ साली इयन मर्डॉक ह्यांनी त्याच गाभ्यावर उभी असलेली ‘डेबियन’ ही प्रणाली आरंभिली. तिच्या नावात त्यांचे स्वतःचे व त्यांच्या त्या वेळच्या मैत्रिणीचे, म्हणजे डेब्राचे, नाव गुंफलेले आहे. डेबियन ही कोणा एका मालकाची नव्हे. जगभरचे स्वयंसेवक ती चालवितात, आणि घेणाऱ्यास तिचे मोल पडत नाही. १९९७ साली त्यांनी एक ‘सामाजिक करार’ लिहून काढला. प्रणालीतील दोष आम्ही लपविणार नाही, असे एक कलम त्यात आहे. आमच्या अनेक वर्षांच्या चिटणीसपदात असे कलम आपल्या घटनेत असावे हे आम्हांस सुचले नाही, हे आम्ही येथे नम्रपणे कबूल करतो.

परंतु येथेही ‘सर्वांत नवी’ चालेना. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये बत्तीस-बिट यंत्रांवर प्रणाली बसविण्याची सोय काढून टाकण्यात आली आहे. तिच्या आधीच्या, जून २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ती होती. म्हणून आम्ही डेबियन १२ निवडली. ज्यास जे सोसेल ते त्याचे औषध, हा वैद्याचा नियम यंत्रासही लागू पडतो.

प्रत्यक्ष काम फार अवघड नाही. फक्त घाई करून चालत नाही. यंत्रात स्मृती एक जीबी होती, तेथे दोन जीबीची पट्टी बसविली. ह्या जातीच्या यंत्रास त्याहून अधिक पेलत नाही. मरू घातलेल्या चकतीच्या जागी न फिरणारी, म्हणजे एसएसडी डिस्क बसविली. वेगात जो फरक पडला तो मुख्यतः हिच्यामुळे. आतील घड्याळाची नाण्याएवढी बॅटरी संपली होती, त्यामुळे यंत्र दर वेळी सुरू होताना स्वतःस २००८ सालात समजत असे. हा दोष क्षुल्लक वाटेल. पण इंटरनेटवरील सुरक्षित ठिकाणांची ओळखपत्रे तारीख पाहून तपासली जातात, आणि यंत्राची तारीखच खोटी असेल तर प्रत्येक खरे ओळखपत्रही त्यास खोटे दिसते. शिवाय उद्याच्या नोंदींवर चुकीची तारीख पडेल ती निराळीच. बॅटरी बदलली, घड्याळ लावले.

नेटबुकास सीडी लावण्याची जागा नसते, म्हणून प्रणाली पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी लागते. उतरविलेली प्रत अस्सल आहे की वाटेत बिघडली, हे पाहण्यासाठी तिच्याबरोबर एक लांबलचक अंकाक्षरांची खूण दिलेली असते. आपल्या प्रतीची खूण काढून ती जुळते की नाही हे पाहावे. बँकेत सही ताडून पाहतात तसेच हे. मग यंत्र सुरू होताच योग्य कळ दाबून, डिस्कऐवजी पेनड्राइव्हवरून चालू हो, असे त्यास सांगावयाचे. पुढे यंत्र प्रश्न विचारीत जाते व आपण उत्तरे देत जातो. भाषा कोणती, कळफलक कोणता, डिस्क सबंध वापरू काय? ह्या शेवटच्या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वी पुतणीने आमच्याकडे वळून विचारले, “काका, नक्कल दोन ठिकाणी आहे ना?” डिस्क नवी, कोरी होती, तरीही तिने विचारले. ही सवय आम्हांस फार मोलाची वाटली.

पडद्याची मांडणी म्हणून आम्ही ‘एलएक्सडीई’ ही हलकी मांडणी निवडली. भपका नाही, पण यंत्रास ओझेही नाही. बिनतारी इंटरनेट लगेच चालू झाले. पूर्वी ह्यासाठी लागणाऱ्या फायली वेगळ्या शोधाव्या लागत. २०२२ साली डेबियनच्या स्वयंसेवकांनी मतदान करून त्या मूळ प्रतीतच घालण्याचे ठरविले. अडचण आली ती वेगळीच. नेटबुकाच्या पडद्याची उंची अवघी सहाशे ठिपक्यांची. काही खिडक्या त्याहून उंच, त्यामुळे ‘ठीक’ म्हणण्याचे बटण पडद्याच्या खाली दडून बसे. अर्धा तास आम्ही त्या बटणाचा शोध घेत होतो. शेवटी कळले की, ऑल्ट ही कळ दाबून धरून माउसने खिडकी वर ओढता येते.

प्रणाली बसली, यंत्र सव्वा मिनिटात जागे होऊ लागले. आम्ही आनंदाने अण्णांची पहिली फाइल उघडली, आणि पाहतो तो काय? आत मराठीचा एक शब्द नाही. इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे ह्यांची नुसती खिचडी. क्षणभर छातीत धस्स झाले. त्याचे कारण असे. त्या काळी श्रीलिपी, कृतिदेव अशा नावांचे टंक कचेऱ्यांतून व छापखान्यांतून वापरात होते. त्यांत मराठी अक्षर हे खरे तर इंग्रजी अक्षराच्या जागी बसविलेले चित्र असे. तो टंक यंत्रात असेल तोवर मराठी दिसे. टंक नसेल तर चित्र जाऊन मागचे इंग्रजी अक्षर उघडे पडे. देवनागरीस स्वतःचे जागतिक क्रमांक देणारी युनिकोड पद्धती १९९१ पासून होती. परंतु घरोघरच्या संगणकांत ती रुळण्यास बराच काळ गेला, आणि अण्णांनी आपले काम ज्या टंकाची सवय होती त्यातच केले.

ह्या नोंदी युनिकोडमध्ये आणणारे प्रोग्राम आहेत. तथापि त्यांवर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या टंकात ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी टंकीत असत व रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे असतो. ही उलटापालट करताना कोठे वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, कोठे रफार हरवतो. गोष्टीच्या पुस्तकात असे झाले तर वाचक सावरून घेतो. वंशावळीत मात्र नावच बदलते. म्हणून आम्ही प्रत्येक नोंद वाचून तपासण्याचे ठरविले. ह्या कामी वहिनींनी स्वतः पुढाकार घेतला. वय ऐंशीच्या घरात, तरी रोज दुपारी दोन तास कचेरीत येऊन त्या पडद्यावरील नावे मोठ्याने वाचीत, आणि जेथे चुके तेथे थांबत. अनेक घरी अण्णांबरोबर त्याही गेल्या होत्या. त्यांना नावे पाठ होती. जी यादी तुटली होती, त्या गावी आम्ही स्वतः जाऊन राहिलेली घरे पुन्हा लिहून आणली.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. नोंदी नव्या तक्त्यात भरताना पुतणीने विचारले, “काका, ह्यात मुलींचा रकाना कुठे आहे?” आम्ही जुना तक्ता पाहिला. तो रकाना नव्हताच. चार-चार पिढ्यांची नावे होती, पण लेकी व सुना नव्हत्या. हा तक्ता अण्णांनी केला नव्हता. कार्यकारी मंडळाने छापून दिला होता, आणि त्या मंडळात आम्हीही होतो. वहिनी शांतपणे म्हणाल्या, “ह्यांनी कित्येक ठिकाणी शेऱ्यात लिहिली आहेत, बघा.” आणि खरोखरच, शेरा ह्या रकान्यात, जेथे दुसरे काही लिहावयाचे नव्हते तेथे, अण्णांनी शेकडो लेकीसुनांची नावे लिहून ठेवली होती. नव्या तक्त्यात आता मुलींचा व सुनांचा रकाना आहे. जुन्या यंत्रात नवी प्रणाली बसविली, पण जुनाच तक्ता पुढे चालविला असता, तर काम अर्धेच झाले असते.

आता हे यंत्र काय करू शकत नाही, तेही सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. त्यावर चलच्चित्रे नीट चालत नाहीत, दूरदृश्य सभा घेता येत नाही, आणि मंडळाचा बँक-व्यवहार आम्ही त्यावर करीत नाही. नोंदी भरणे, पत्रे लिहिणे, छापून काढणे, एवढे ते उत्तम करते. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीचा सांभाळ साधारणपणे पाच वर्षे होतो. म्हणजे २०२८ च्या सुमारास ह्या यंत्रास इंटरनेटपासून निवृत्ती द्यावी लागेल. पण आता त्याचे भय वाटत नाही. कारण नोंदी त्या यंत्राच्या कैदेत राहिलेल्या नाहीत.

आपणां सर्वांस आमची विनंती आहे. घरी कपाटात जुने संगणक, जुने फोन पडले असतील, तर ते विकण्यापूर्वी आत काय आहे ते पाहा. जपण्यासारखे असेल त्याच्या दोन नकला काढून दोन घरी ठेवा. जुन्या टंकातील लेखन युनिकोडमध्ये आणा आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून वाचून घ्या. त्यांच्या स्मरणशक्तीची नक्कल काढता येत नाही, आणि ती कोणत्याही डिस्कहून आधी संपते. आणि यंत्र विकावयाचेच असेल तर आतील माहिती पुरती नष्ट करा. वधूवरांच्या जन्मवेळा व घरांचे पत्ते भंगारवाल्याच्या हाती पडू देऊ नका. आपल्या कचेरीतील ती जुनी चकती आम्ही स्वतःच्या हाताने फोडून टाकली.

अण्णांच्या नोंदींतील जी घरे अद्याप राहिली आहेत, त्यांची माहिती भरून देण्याचे तक्ते बाहेरील टेबलावर ठेवले आहेत. लेकीसुनांची नावे लिहिण्यास विसरू नये. भंगाराचा ठराव रद्द झाला, हे सांगावयास नकोच. यंत्र कचेरीत, खिडकीजवळच्या टेबलावर आहे. ज्यास पाहावयाचे असेल त्याने मंगळवारी वा शुक्रवारी दुपारी यावे. त्या वेळी वहिनी तेथे असतात.